सर्वपित्रीची गाडी

आई, आज तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस, मंगळवार, सकाळचे साडेनऊ. क्रशर धुऊन झाला आहे. टाकीतल्या रसात पट्टी बुडवून पाहिली, हिरवी आली, म्हणजे आंबटपणा गेला. ओल्या कचऱ्याची पहिली गाडी यायला अजून वेळ आहे, म्हणून शेडमधला मोठा बर्नर पेटवला आणि त्याच्यासमोर बादली उलटी घालून बसलोय. ज्योत निळी आहे, सरळ आहे, फडफडत नाही. तिच्यावर भांडं नाही. गेला दीड महिना मी हिची वाट बघत होतो, आणि आता ती आली आहे तर तिच्यावर ठेवायला काही नाही, हे कोणाला तरी सांगावंसं वाटलं. शेडमधल्या मावशींना सांगून झालं. उरलीस तू.

तू गेलीस तेव्हा मी नववीत होतो आणि नववीतच राहिलो. आता मी काय काम करतो हे तुला कोण सांगणार, म्हणून आधी तेच लिहितो. जेसल पार्कच्या पुढे, खाडीच्या अंगाला, पत्र्याच्या कुंपणात एक लोखंडी टाकी आहे, एक मजला उंच. सोसायट्यांचा ओला कचरा, मंडईतला कोबीफ्लॉवरचा पाला, राई गावच्या वाड्यांमधून कधी केळीचे खुंट, हे सगळं मी निवडतो, क्रशरमधून काढतो, पाणी घालून पातळ करतो आणि टाकीत सोडतो. टाकीत हवा नसते. तिथे ते कुजतं, त्यातून गॅस निघतो, तो वरच्या रबरी फुग्यात साठतो आणि फुग्यातून नळीने शेडमध्ये येतो. गावाला आपल्या वाडीत एकांच्या गोठ्यामागे गोबरगॅस होता, तू मला हात धरून दाखवायला नेलं होतंस, तोच हा प्रकार. फक्त म्हशीच्या जागी अख्खं भाईंदर आहे.

या शेडमध्ये बचत गटाच्या चार बायका डबे करायच्या. गॅस त्यांना फुकट, आणि त्या बदल्यात त्यांनी मला कचरा निवडायला हात द्यायचा, असं ठेकेदाराशी तोंडी ठरलेलं होतं. त्यांच्यातल्या थोरल्या महाडकडच्या. त्यांनाच सगळे मावशी म्हणतात. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली, मूल नाही, जीभ तिखट. मी सारखे हात धुतो हे बघून पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या, "एवढं घासू नकोस, हातावरच्या रेषा गेल्या तर तुझं लग्न कशावरून ठरवायचं?" यंदा त्यांनी दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेतल्या होत्या, पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या. गॅसला खर्च नाही म्हणून बाजारापेक्षा भाव कमी लावला होता. या फराळातून सुटेल त्यातून त्या स्वतःचा गाळा भाड्याने घेणार होत्या. चौघींचं सगळं त्या एका ज्योतीवर उभं होतं, आणि ज्योत माझ्या हातात होती.

टाकीला खायला घालण्यात माझी कधी चूक होत नसे. टाकी म्हणजे पोट आहे. पाला सोसतो, सालं सोसतात, पण शिजलेला भात, साखर, तेल जास्त झालं की ते आत फार लवकर आंबतं, आणि एकदा आंबलं की गॅस करणारे जंतू मरगळतात. म्हणून क्रशरच्या आतल्या बाजूला मी रंगाने एक रेघ मारली आहे. रेघेपर्यंत घ्यायचं, बाकीची गाडी डंपिंगला. सुपरवायझर मला डॉक्टर म्हणून चिडवतो. पण हे मी कुठल्या कोर्सात शिकलेलो नाही. तुला आठवतं का, तू स्टीलच्या गाळ्यात चमचे पॅक करायला होतीस तेव्हा एकदा तुला यायला उशीर झाला होता. मी पहिल्यांदाच भात लावला. तू दमून येशील, पोटभर जेवशील, म्हणून ठरलेल्या वाटीवर आणखी एक वाटी घातली. भात उतू गेला, स्टोव्ह विझला, खोलीभर रॉकेलचा वास. तू दारात उभी राहिलीस, हातात चपला तशाच. मला वाटलं मारशील. तू पातेलं पुढे ओढलंस आणि म्हणालीस, "भांडं केवढं आणि घातलंस केवढं? प्रेमाने घातलंस म्हणून भांडं मोठं होतं का रे?" मग वरचा भात काढून, पुन्हा धुऊन, तो तू खाल्लास. मला खालचा बरा वाढलास.

त्याच महिन्यात तू मला रद्दीवाल्याकडून छोटा शब्दकोश आणला होतास, पुठ्ठा निघालेला. गाळ्यावरून घरी येताना दुकानांच्या पाट्या वाचायला लावायचीस आणि कुठली वेलांटी चुकली आहे ते विचारायचीस. तुला स्वतःला खात्री नसायची, तू माझ्या तोंडाकडे बघायचीस. शाळा सुटली तरी ती सवय सुटली नाही. हे पत्रही मी दोनदा तपासणार आहे.

तुझा म्हाळ दरवर्षी बाबा गावाला घालायचे. यंदा त्यांचा फोन आला की गुडघ्यांनी धरलंय, चुलीपुढे बसवत नाही, तू तिकडेच घाल. तुझी अविधवा नवमी. पण नवमीला ठेकेदाराचे पाहुणे टाकी बघायला येणार होते, सुट्टी मिळाली नाही. बाबा म्हणाले, राहू दे, सर्वपित्रीला घाल, त्या दिवशी सगळ्यांचं चालतं. मी विचारलं, आईला काय आवडायचं? फोनवर बराच वेळ नुसता कोंबड्यांचा आवाज येत राहिला. मग म्हणाले, "ती सगळ्यांच्या मागून जेवायची रे. काय उरलेलं असायचं ते आमी कदी बघितलंच नाय."

तेव्हा सगळ्यांच्या पानात असतं तेच मी केलं. भात, वरण, तांदळाची खीर, लाल भोपळा, गवार. वडे मला जमत नाहीत. मावशी आमच्याच गल्लीत राहतात, त्यांनी स्वतःच्या घाण्यातले आणून दिले. इमारतीच्या गच्चीवर कठड्यावर पान ठेवलं, पाणी फिरवलं आणि बाजूला उभा राहिलो. गच्चीवर तशी बरीच पानं होती. पाण्याच्या टाकीवर कावळे बसले होते, एकाच्या चोचीत कोणाचातरी अर्धा वडा होता. तुझ्या पानाकडे कोणी येईना. मग लोक सांगतात तसं मी सांगून पाहिलं, आधी मनात, मग तोंडाने. मी बरा आहे, बाबांना पैसे पाठवतो, बाहेरचं खात नाही. कावळा मान वाकडी करून बघत राहिला. कामावर जायची वेळ टळून गेली. गाय शोधली, त्या दिवशी तीही दिसली नाही. शेवटी पानाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि इथे घेऊन आलो. मावशींनी पिशवी बघितली आणि सगळं ओळखलं. म्हणाल्या, "अरे, आज इथला एकेक कावळा चौथ्या पंगतीला बसलेला असतो. तुझी आई रुसली नाही, त्यालाच अजीर्ण झालंय."

मी हसलो. पण ते पान कचऱ्याच्या डब्यात टाकायला हात होईना. मग वाटलं, टाकीत जाऊ दे. त्याचा गॅस होईल, त्यावर कोणाची तरी पोळी भाजली जाईल, तुला ते चालेल. मावशींनीही त्यांच्या यजमानांचं पान पदराखालून काढून माझ्या हातात दिलं. दोन्ही पानं मी बारीक करून आत सोडली. एवढ्याने टाकीला काही होत नाही.

मग गाडी आली. झाकण उघडलं तर सालं, देठ काही नाही, नुसती पानं. घडी घातलेली, दोऱ्याने बांधलेली, काहींवर अजून फूल. खिरीचे द्रोण, भाताच्या मुदी, वडे. माझ्यासारखेच लोक गच्चीवर उभे राहून थकले असतील आणि खाली येऊन त्यांनी ती ओल्या कचऱ्याच्या डब्यात हळूच ठेवली असतील, टाकली नसतील, असं ती बघून वाटत होतं. मी रेघेपर्यंत घेतलं आणि क्रशर बंद केला. ड्रायव्हरने विचारलं, "बाकी डंपिंग में डालूँ?" मी मान हलवणार होतो, तेवढ्यात मागून मावशींचा आवाज आला, हळू, मला टोचायला नव्हे, स्वतःशीच बोलल्यासारखा. "आपली तेवढी आत गेली. आणि लोकांची डंपिंगला."

नळ बंद केलाय की नाही हे मी तीनदा बघतो, कुलूप ओढून बघतो, आणि त्या दिवशी मी काही न बघता क्रशर परत चालू केला. ती गाडी पूर्ण घेतली. तिच्यामागून दुसरी आली, तीही घेतली.

पुढच्या दोन दिवसांत वास बदलला. इडलीचं पीठ विसरून राहिल्यासारखा. पट्टी पिवळी आली, मग नारिंगी. फुगा टम्म दिसत होता, पण आत जळणारा गॅस नव्हता. काडी लावली की भप्प करून विझायची. बायकांनी कणीक मळून ठेवलेली होती. मी शेडच्या दारात उभा राहिलो आणि सांगितलं की टाकी आंबली आहे, माझ्यामुळे आंबली, आणि कधी सुधारेल सांगता येत नाही. धाकटी रडायला लागली. ऑर्डरी तिच्या ओळखीने आल्या होत्या. मावशी कणकेवर ओलं फडकं टाकत होत्या. त्या म्हणाल्या, "तुझ्या एकट्यामुळे कशाला? बोलले मी. घातलंस तू. आणि जेवले सगळे पितर." हसण्यासारखं होतं, कोणी हसलं नाही.

सुपरवायझर बघायला आला. "डॉक्टर, उस दिन कितना डाला?" मी खरं सांगितलं. तो टाकीकडे बघत म्हणाला, दिवाळीनंतर पंधरा दिवसांत गॅस नाही आला तर टाकी उपसायची, शेडला कुलूप. खाणं पूर्ण बंद करायचं, चुना द्यायचा आणि ताजं शेण घालायचं, एवढाच उपाय असतो. शेण आणायला मी सायकलने राईला गेलो. तिथे एका म्हातारीकडे दोन म्हशी उरल्यात, बाजूच्या शेतात आता इमारतीचे खांब उभे आहेत. टोपली बघून ती म्हणाली, "शेन कशाला रं? लगीन हाय का घरात, आंगन सारवाचं हाय?" मी म्हटलं, अंगण नाही, टाकी आजारी आहे. तिला ते अजिबात विचित्र वाटलं नाही. तिच्या सासऱ्यांनी गोबरगॅस बांधला होता, भाताचा पेंढा आणि शेण त्यात जायचं. "तवा गुरं होती. आता न्हाय काय. ने तू रोज, पन टोपली धुवून आन." मी रोज गेलो, टोपली रोज धुऊन नेली.

बाकी काही करायचं नसे. ओला कचरा यायचा, तो मी निवडून परत पाठवायचो. टाकीला उपाशी ठेवायचं हेच औषध होतं आणि तेच माझ्याने होत नव्हतं. रोज वाटायचं, थोडा पाला घालून बघू, एवढासा, काय होतंय. काविळीत तुझा शेवटचा आठवडा तसाच गेला. तुला पेजेचं पाणीसुद्धा राहत नव्हतं. मी चमचा पुढे करायचो, तू मान फिरवायचीस, आणि मी चमचा तसाच धरून बसायचो. तो तुझ्याच गाळ्यातला चमचा होता, कडेला चरा गेलेला म्हणून त्यांनी तुला फुकट दिलेला. एकदा तू माझ्यासाठी म्हणून एक घोट घेतलास आणि लगेच उलटून पडला. तरी त्यानंतर तू माझ्याकडे बघून "बरं वाटलं" म्हणालीस. त्यामुळे मी पुन्हा चमचा भरला. टाकी असं काही म्हणत नाही, एवढं एक तिचं बरं आहे. मी पाला घातला नाही.

दिवाळी आली. बायकांनी निम्म्या ऑर्डरी परत केल्या आणि बाकीच्या सिलिंडर आणून पूर्ण केल्या. चकल्या तळताना धाकटी नुसती सिलिंडरकडे बघायची, संपतोय का म्हणून. भाव आधीच कमी लावलेला होता, तो आता वाढवता येईना. लक्ष्मीपूजनाला मला त्यांनी फराळाचं ताट दिलं, नेहमीसारखं भरलेलं, आणि मी ते घेतलं, कारण न घेणं जास्त वाईट दिसलं असतं. भाऊबीजेनंतर त्या आल्या त्या भांडी न्यायलाच. दोघी घरकामाला लागल्या, धाकटी माहेरी गेली. मावशींना सिल्व्हर पार्कमध्ये एका घरी पोळ्या आणि स्वयंपाकाचं काम मिळालं. शेड झाडून, ओटा पुसून त्यांनी किल्ली माझ्याकडे दिली.

त्यानंतरच्या आठवड्यात पट्टी हिरवी यायला लागली. आधी ज्योत पिवळी आली, काठावर नाचणारी, मग खालून निळी होत गेली. परवा ती पूर्ण निळी झाली. सुपरवायझरने फोनवर "शाबास डॉक्टर" म्हटलं, टाकी उपसायची नाही असं ठरलं, माझी नोकरी राहिली. मी त्या संध्याकाळी सिल्व्हर पार्कला गेलो आणि इमारतीच्या खाली मावशींचं काम संपायची वाट बघत थांबलो. त्या खाली आल्या, हातात रिकामी पिशवी. मी सांगितलं, गॅस आलाय, पहिल्यासारखा, शेडची किल्ली माझ्याकडेच आहे. त्यांना आनंद झाला, तो मला दिसला. मग त्या म्हणाल्या, "आता कुठं परत, बाळा? तिघी तीन दिशेला गेल्या. इथं महिन्याच्या महिन्याला हातात पडणार, गॅस त्यांचा, भांडी त्यांची. मला काय, लाटणं तेवढं फिरवायचं." मग त्यांनीच विषय बदलला, जेवलास का विचारलं, आणि फाटकापाशी थांबून म्हणाल्या, "पुढल्या वर्षी ह्यांचं पान मी गाईला देईन. गाय नाही मिळाली तर खाडीत सोडीन. तू मनाला लावून घेऊ नकोस."

फुगा भरला की गॅस हवेत सोडून चालत नाही, तो जाळावाच लागतो. म्हणून सध्या रोज मी हा बर्नर असाच पेटवून बसतो. सुपरवायझर म्हणतो, दुसरा गट बघू, एक वडापाववाला पण विचारतोय. येईल कोणीतरी. मी पाल्यापासून सुरुवात केली आहे, रेघेच्या बरंच खाली, आणि शिजलेलं अन्न बंद. सुपरवायझरने नियमही करून टाकला आहे की पितृपक्षात सोसायट्यांची गाडी घ्यायचीच नाही, सरळ पुढे पाठवायची. योग्य नियम आहे. मला विचारलं असतं तर मीही तोच सांगितला असता.

हे पत्र कुठे टाकायचं तो पत्ता नाही आणि टाकीत मी कागद घालत नाही, तेव्हा हे घडी घालून माझ्याकडेच राहील. गाडीचा हॉर्न वाजतोय, उठायला हवं. फक्त एक गोष्ट सुपरवायझरला सांगितलेली नाही आणि मावशींनाही नाही. किती घ्यायचं, काय घ्यायचं, का घ्यायचं नाही, हे सगळं मला आता पाठ आहे. तरी पुढच्या सर्वपित्रीला झाकण उघडलं आणि वरच कोणाचं तरी दोरा बांधलेलं पान दिसलं, तर मी ती गाडी परत पाठवीन, असं मला अजून लिहिता येत नाही.